ब्रिटिश वंशपरंपरागत पदव्या : सनदेतील शब्द आणि वारसाहक्काचा प्रश्न

प्रास्ताविक

आधुनिक भारताच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ‘लॉर्ड’ हा शब्द इतक्या वेळा येतो, की त्याचा नेमका अर्थ विचारावा असे विद्यार्थ्यास वाटत नाही आणि सांगावा असे अध्यापकासही सहसा वाटत नाही. लॉर्ड बेंटिंक, लॉर्ड एल्फिन्स्टन, लॉर्ड डलहौसी, लॉर्ड कर्झन या नावांमागील ‘लॉर्ड’ एकच आहे, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः या चौघांचे ‘लॉर्ड’ असणे कायद्याच्या दृष्टीने चार वेगवेगळ्या प्रकारचे होते. बेंटिंक हे पोर्टलंडच्या तिसऱ्या ड्यूकचे धाकटे पुत्र. त्यांच्या नावामागील ‘लॉर्ड’ केवळ सौजन्याचा होता. डलहौसी हे स्कॉटलंडच्या अर्लपदाचे वारस होते. एल्फिन्स्टन नावाचे मुंबईचे दोन गव्हर्नर झाले आणि त्यांपैकी एकच लॉर्ड होता. कर्झन यांना तर हिंदुस्थानात येण्यापूर्वी, १८९८ मध्ये, आयर्लंडच्या उमरावमंडळातील एक पदवी मुद्दाम निर्माण करून देण्यात आली होती.

हा भेद केवळ शिष्टाचाराचा नाही. पदवी कोणाकडे जाते, केव्हा लोप पावते, मुलीला मिळते की नाही, दत्तकाला का मिळत नाही, या सर्व प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात; ते ठिकाण म्हणजे ती पदवी प्रथम निर्माण करणाऱ्या राजाच्या सनदेतील शब्द. एकदा सनद दिली गेली, की पदवीधारकाची इच्छा, त्याचे मृत्युपत्र, कुटुंबाची संमती यांपैकी कशानेही त्या शब्दांत बदल होत नाही. वतन, इनाम आणि दत्तकविधान यांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या वाचकास ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते, म्हणूनच तिचे सविस्तर विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पदव्यांची उतरंड

ब्रिटिश उमरावपदाच्या पाच श्रेणी आहेत. वरून खाली त्यांचा क्रम ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन असा लागतो. त्यांचे वय मात्र या क्रमाने लागत नाही. अर्ल हा शब्द नॉर्मन विजयापूर्वीचा, म्हणजे १०६६ च्या आधीचा आहे. या शब्दाला इंग्रजीत स्त्रीलिंगी रूपच नसल्यामुळे अर्लच्या पत्नीस फ्रेंच वळणाने ‘काउंटेस’ म्हणतात. बॅरन नॉर्मनांबरोबर आले. सर्वांत वरची ड्यूक ही श्रेणी इंग्लंडमध्ये १३३७ पर्यंत नव्हती; त्या वर्षी तिसऱ्या एडवर्डने आपल्या थोरल्या मुलास कॉर्नवॉलचा ड्यूक केले. पहिला मार्क्वेस १३८५ चा आणि पहिला व्हायकाउंट १४४० चा. अर्थात आज अत्यंत सुसंगत दिसणारी ही उतरंड कोणी एका वेळी आखलेली नसून निरनिराळ्या राजांनी आपापल्या सोयीने चढवलेल्या मजल्यांची ती इमारत आहे.

या पाच श्रेणींच्या खाली बॅरोनेट ही आणखी एक वंशपरंपरागत पदवी येते. ती उमरावपद नव्हे. बॅरोनेटला लॉर्ड्स सभेत जागा कधीच नव्हती. पहिल्या जेम्सने १६११ मध्ये ती निर्माण केली, ती उघडउघड पैशासाठी. अल्स्टर प्रांतातील सैन्यासाठी तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार जो भरेल, त्याने ही पदवी घ्यावी, अशी योजना होती. दररोज आठ पेन्स या दराने तो हिशेब १,०९५ पौंड होतो. बॅरोनेटच्या नावामागे ‘सर’ लागते आणि येथे आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे ‘सर’ व्यक्तिगत होते, त्यांच्याबरोबर ते संपले; सर जमशेटजी जीजीभाई यांचे ‘सर’ १८५७ पासून वंशपरंपरागत झाले. नावामागील अक्षरे तीच, कायदा मात्र वेगळा.

सौजन्याच्या पदव्यांविषयीही येथेच सांगितलेले बरे. ड्यूक किंवा मार्क्वेस यांच्या धाकट्या मुलांना व्यक्तिनामामागे ‘लॉर्ड’ लावण्याची रीत आहे. ही मुले कायद्याने सामान्य नागरिकच असतात आणि कॉमन्स सभेची निवडणूक लढवू शकतात. म्हणून ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ हे बरोबर आणि ‘लॉर्ड बेंटिंक’ हे चूक. विन्स्टन चर्चिल यांचे वडील लॉर्ड रॅन्डॉल्फ हे मार्लबरोच्या सातव्या ड्यूकचे धाकटे पुत्र. त्यांना ‘लॉर्ड’ म्हणत, पण त्यांच्या मुलाकडे त्यातले काहीच आले नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांतील बेंटिंकविषयक चूक आता इतकी रूढ झाली आहे, की ती सुधारणाराच चुकलेला दिसतो.

सनदेतील तीन शब्द

आरंभी उमरावपद हे राजाच्या बोलावण्यातून सिद्ध होत असे. राजा पार्लमेंटला हजर राहण्यासाठी एखाद्या सरदारास लेखी समन्स पाठवी. तो हजर झाला, की पुढे त्याच्या वंशाला तो हक्क आहे असे कालांतराने मानले जाऊ लागले. १३८७ मध्ये दुसऱ्या रिचर्डने जॉन बोशँप यास प्रथमच सनद देऊन बॅरन केले. पुढे सनद हाच नियम झाला. हा फरक वारसाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरतो. समन्सने निर्माण झालेल्या जुन्या बॅरनपदाला मर्यादा घालणारे शब्दच नसल्यामुळे ते मुलींकडेही जाऊ शकते. मात्र मुलगा नसून मुली एकाहून अधिक असतील, तर इंग्रज कायदा थोरली-धाकटी असा भेद करीत नाही. सर्व मुली समान वारस. पण पदवी तर अविभाज्य. परिणामी ती कोणाकडेच जात नाही, अधांतरी राहते. या अवस्थेस ‘ॲबेयन्स’ असे म्हणतात. कॉडनॉरचे ग्रे हे बॅरनपद १४९६ मध्ये असे अधांतरी झाले, ते १९८९ मध्ये एका वारसाच्या बाजूने पुन्हा खाली उतरले. मधल्या ४९३ वर्षांत ते नष्ट झाले नव्हते, फक्त कोणाचे नव्हते!

सनदेने दिलेल्या बहुसंख्य पदव्यांत उत्तराधिकाराचे सूत्र ठरलेले असते. मराठीत त्याचा आशय ‘त्याच्या देहापासून औरस जन्मलेले पुरुष वारस’ असा सांगता येईल. या सूत्रातील प्रत्येक शब्द कोणाला तरी बाहेर ठेवतो. ‘पुरुष’ या शब्दाने मुलगी जाते आणि तिच्यामार्फत येणारा नातूही जातो. ‘देहापासून’ या शब्दाने पहिल्या पदवीधारकाचा भाऊ, पुतण्या आणि दत्तक पुत्र जातात. ‘औरस’ या शब्दाने विवाहबाह्य अपत्य जाते. आईवडिलांनी नंतर विवाह केल्यास मूल औरस मानावे असे इंग्लंडच्या कायद्याने १९२६ मध्ये ठरवले, परंतु त्याच कायद्यात पदव्यांचा उत्तराधिकार वगळण्यात आला.

उरलेल्या पुरुष वारसांत ज्येष्ठत्व चालते आणि तेही शाखेने. थोरला मुलगा बापाआधी वारला व त्याला मुलगा असला, तर पदवी धाकट्या मुलाकडे न जाता त्या नातवाकडे जाते. एका वेळी पदवी एकाचीच. बाकीच्या भावंडांनी सैन्यात, चर्चमध्ये, वकिलीत किंवा हिंदुस्थानात नशीब काढावे अशी या व्यवस्थेची मूक अपेक्षा असे. मुंबईचे गव्हर्नर (१८१९ ते १८२७) माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे याचे उत्तम उदाहरण होय. ते अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे चौथे पुत्र. त्यामुळे आयुष्यभर ‘ऑनरेबल’ याहून अधिक काही त्यांच्या नावामागे लागले नाही. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले जॉन हे त्यांचे पुतणे. ते मात्र तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन होते. महाविद्यालयाला नाव मिळाले ते काकांचे. २०१८ मध्ये प्रभादेवी हे नाव मिळालेल्या रेल्वेस्थानकाचे पूर्वीचे नाव होते ते पुतण्याचे.

दत्तक आणि डलहौसी

सनदेतील ‘देहापासून’ या शब्दापाशी मराठी वाचकाने थोडे थांबावे असे प्रस्तुत लेखकास वाटते. हिंदू धर्मशास्त्रात विधिपूर्वक घेतलेला दत्तक पुत्र सर्वार्थाने पुत्र होतो. इंग्लंडच्या कायद्यात मात्र १९२६ पर्यंत दत्तक ही संस्थाच नव्हती. एखादे मूल वाढवता येई, त्याला मृत्युपत्राने संपत्ती देता येई. पण कायद्याने ते मूल आपले होत नसे. पुढे दत्तकाचे कायदे झाले, तरी पदव्यांचा उत्तराधिकार त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला. २००२ च्या कायद्यातही दत्तकामुळे पदवीच्या वारशात काही फरक पडणार नाही, असे स्पष्ट कलम आहे.

सातारचे शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज यांनी एप्रिल १८४८ मध्ये मृत्यूपूर्वी काही तास घेतलेला दत्तक डलहौसी यांनी राज्याच्या वारशापुरता अमान्य केला, आणि पुढे झाशी व नागपूर या राज्यांचेही तेच झाले, हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्यामागील कारणे राजकीय व आर्थिक होती आणि युक्तिवाद सार्वभौम सत्तेच्या संमतीचा होता. इंग्लंडमधील पदव्यांच्या नियमातून ते धोरण जन्मले, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. तथापि ज्या समाजात पुत्राचे स्थान केवळ देहसंबंधाने सिद्ध होत असे, त्या समाजातून आलेल्या शासकास दत्तकविधान ही वारस ‘बनवण्याची’ युक्ती वाटली असेल, तर त्यात नवल नाही. विशेष असे, की हाच नियम डलहौसी यांच्या स्वतःच्या घराण्यालाही लागू झाला. पंजाबच्या विलीनीकरणानंतर १८४९ मध्ये त्यांना मार्क्वेस करण्यात आले. त्यांना दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. डिसेंबर १८६० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अकरा वर्षांचे ते मार्क्वेसपद त्याच दिवशी लोप पावले. स्कॉटलंडमधील जुने अर्लपद मात्र लोप पावले नाही. ते चुलत बंधूंकडे, फॉक्स मॉल यांच्याकडे गेले, कारण त्या पदवीचा मूळ पुरुष कित्येक पिढ्या मागचा होता आणि त्याच्या देहापासून जन्मलेली पुरुषांची शाखा अजून हयात होती.

कर्झन यांच्या पदव्या

सनदेतील शब्दांचे सामर्थ्य एकाच आयुष्यात पाहावयाचे असेल, तर कर्झन यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही. जॉर्ज नॅथानिएल कर्झन हे चौथ्या बॅरन स्कार्सडेल यांचे थोरले पुत्र. १८९८ मध्ये व्हाइसरॉयपदी नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वडील हयात होते, म्हणजे ते स्वतः उमराव नव्हते. व्हाइसरॉय हा उमराव असणे इष्ट. पण इंग्लंडचे उमरावपद घेतले, तर परत आल्यावर कॉमन्स सभेचे दार कायमचे बंद. यावर तोड काढली गेली ती आयर्लंडच्या उमरावपदाची. आयर्लंडच्या उमरावांना लॉर्ड्स सभेत आपोआप जागा नसे, त्यांचे काही निवडक प्रतिनिधीच तेथे बसत. उरलेल्यांना ग्रेट ब्रिटनमधील मतदारसंघातून कॉमन्स सभेत जाता येई. म्हणून त्यांना आयर्लंडच्या उमरावमंडळातील बॅरन कर्झन ऑफ केडलस्टन करण्यात आले. त्यानंतर आयर्लंडचे नवे उमरावपद निर्माण झाले नाही.

१९११ मध्ये त्यांना तीन पदव्या एकदम मिळाल्या आणि या तिघींच्या सनदा एकमेकींहून भिन्न होत्या. अर्ल कर्झन ही पदवी नेहमीच्या सूत्राने, स्वतःच्या पुरुष संततीपुरती होती. व्हायकाउंट स्कार्सडेल ही पदवी, स्वतःला मुलगा नसल्यास, वडिलांच्या अन्य पुरुष वारसांकडे जाईल अशी होती. बॅरन रेव्हन्सडेल ही तिसरी पदवी मात्र मुलगा नसल्यास थोरल्या मुलीकडे आणि तिच्या पुरुष वारसांकडे, ते नसल्यास क्रमाने पुढच्या मुलींकडे जाईल अशी लिहिली गेली. कर्झन यांच्या पहिल्या पत्नीचे १९०६ मध्ये निधन झाले होते आणि त्यांना तीन मुलीच होत्या. सनद लिहून घेताना ते किती दूरचे पाहत होते, हे यावरून दिसते. १९१६ मध्ये वडिलांचे जुने बॅरनपदही त्यांच्याकडे आले आणि १९२१ मध्ये ते मार्क्वेस झाले.

२० मार्च १९२५ रोजी कर्झन यांचे निधन झाले. त्या दिवशी मार्क्वेसपद, अर्लपद आणि १८९८ चे आयरिश बॅरनपद लोप पावले. स्कार्सडेलच्या दोन्ही पदव्या पुतण्याकडे गेल्या. रेव्हन्सडेलचे बॅरनपद थोरली कन्या आयरीन हिच्याकडे आले. एकाच व्यक्तीचा मृत्यू, एकच दिवस, आणि वारसाचे तीन मार्ग. यांत कुटुंबीयांनी ठरवावे असे काहीच उरले नव्हते.

आयरीन यांना पदवी मिळाली, जागा मिळाली नाही. स्वतःच्या हक्काने उमराव असलेल्या स्त्रीने लॉर्ड्स सभेत बसावे की नाही, हा प्रश्न नुकताच गाजून गेला होता. वडिलांकडून व्हायकाउंटपद मिळालेल्या मार्गारेट, व्हायकाउंटेस ऱ्होंडा यांनी १९१९ च्या, स्त्रियांची अपात्रता दूर करणाऱ्या कायद्याचा आधार घेऊन अर्ज केला. लॉर्ड्स सभेच्या विशेषाधिकार समितीने तो प्रथम मान्य केला. पण लॉर्ड चॅन्सेलर बर्कनहेड यांच्या कडव्या विरोधानंतर मोठ्या समितीपुढे १९२२ मध्ये तो फेटाळला गेला. परिणामी आयरीन या १९२५ पासून बॅरोनेस असूनही सभागृहाबाहेरच राहिल्या. १९५८ च्या कायद्याने तहहयात उमरावपदे स्त्रियांनाही देता येऊ लागली, तेव्हा त्यांना तसे दुसरे, एका आयुष्यापुरते बॅरनपद देण्यात आले आणि वारशाने न उघडलेले दार नेमणुकीने उघडले. वारशाने पदवी मिळालेल्या स्त्रियांना तो हक्क १९६३ मध्ये मिळाला.

आयरीन अविवाहित होत्या. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर सनदेप्रमाणे पाळी आली ती मधली बहीण सिंथिया हिच्या शाखेची. सिंथिया १९३३ मध्येच वारल्या होत्या; त्यांचे पती म्हणजे पुढे ब्रिटिश फॅसिस्ट चळवळीचे नेते म्हणून कुप्रसिद्ध झालेले ऑस्वल्ड मोस्ली. त्यांचा मुलगा, कादंबरीकार निकोलस मोस्ली, तिसरा बॅरन रेव्हन्सडेल झाला. १९८० मध्ये वडील वारल्यावर मोस्ली घराण्याचे बॅरोनेटपदही त्याच्याकडे आले. वडिलांच्या राजकारणाला त्याचा विरोध होता. पण वारसाच्या कायद्याला मतभेद कळत नाहीत.

अशा विशेष सनदा क्वचितच दिल्या जात आणि बहुधा पराक्रमी सेनानींना, ज्यांना मुलगा नाही किंवा ज्यांचा मुलगा वारला आहे. मार्लबरोच्या पहिल्या ड्यूकचा मुलगा १७०३ मध्ये वारला, तेव्हा पार्लमेंटने १७०६ मध्ये खास कायदा करून ते पद मुलींच्या मार्गाने चालू ठेवले. कंदाहारचे म्हणून ओळखले जाणारे सेनापती रॉबर्ट्स यांचा मुलगा १८९९ मध्ये कोलेन्सोच्या लढाईत कामी आला. १९०१ चे त्यांचे अर्लपद मुलींकडे जाईल असे लिहिले गेले. माउंटबॅटन यांना १९४७ मध्ये दिलेले बर्माचे अर्लपदही असेच; १९७९ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर ते थोरली कन्या पॅट्रिशिया यांच्याकडे गेले.

रायपूरचे बॅरन सिन्हा आणि मुंबईचे बॅरोनेट

ब्रिटिशांचे वंशपरंपरागत उमरावपद मिळालेले एकमेव भारतीय म्हणजे सत्येंद्रप्रसन्न सिन्हा. १९१९ मध्ये ते बॅरन सिन्हा ऑफ रायपूर झाले. हे रायपूर छत्तीसगडचे नव्हे, बंगालमधील बीरभूम जिल्ह्याचे. भारतविषयक उपमंत्री या नात्याने १९१९ च्या भारत सरकार कायद्याचे विधेयक त्यांनीच लॉर्ड्स सभेत चालवले. १९२८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचे थोरले पुत्र अरुणकुमार यांनी वारस म्हणून सभागृहात बसण्याचा हक्क सांगितला, तेव्हा ‘औरस’ या शब्दाने एक अनपेक्षित अडचण उभी केली.

सिन्हा यांचा विवाह १८८० मध्ये हिंदू पद्धतीने झाला होता. तत्कालीन हिंदू कायद्याने पुरुषास दुसरी पत्नी करण्याची मुभा होती. इंग्लंडच्या न्यायालयांनी १८६६ पासून विवाहाची व्याख्या एक पुरुष व एक स्त्री यांचे अनन्य मीलन अशी केली होती. जो विवाह बहुपत्नीक होऊ शकतो, तो प्रत्यक्षात एकपत्नीक असला तरी त्या व्याख्येत बसत नसे. सिन्हा यांनी दुसरा विवाह केला नव्हता; पण प्रश्न त्यांच्या वर्तनाचा नसून विवाहाच्या स्वरूपाचा होता. ज्या राजसत्तेने सर्व माहिती असताना या गृहस्थास वंशपरंपरागत सनद दिली, त्याच सत्तेच्या कायद्यास त्यांचा मुलगा औरस आहे काय याविषयी शंका यावी, यातील विसंगती आज डोळ्यांत भरते. निर्णय व्हायला १९३९ उजाडले. लॉर्ड चॅन्सेलर मॉम यांनी समितीपुढे मांडलेल्या मतात निर्णायक ठरली ती एक गोष्ट : थोरल्या मुलाच्या जन्मापूर्वीच सिन्हा दांपत्याने साधारण ब्राह्मो समाजात प्रवेश केला होता आणि त्या समाजात एकपत्नीव्रत बंधनकारक होते. म्हणजे विवाह जन्मापूर्वीच एकपत्नीक झाला होता. दावा मान्य झाला. सिन्हा सनातनी हिंदूच राहिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मुंबईतील बॅरोनेटांपुढील अडचण वेगळी होती. पदवी ज्येष्ठ पुत्राकडे जाणार. पण संपत्ती सर्व वारसांत विभागली गेली, तर दोनतीन पिढ्यांत ‘सर’ राहील आणि त्याला साजेसे घर राहणार नाही. इंग्लंडमध्ये मोठी घराणी जमिनीची विशेष बंधपत्रे करून ती ज्येष्ठाकडेच ठेवीत. हिंदुस्थानात तो मार्ग नव्हता. जमशेटजी जीजीभाई यांच्या घराण्यासाठी म्हणून १८६० मध्ये खास कायदा करून संपत्तीचा न्यास पदवीशी बांधण्यात आला आणि पदवीवर येणाऱ्या प्रत्येकाने जमशेटजी जीजीभाई हेच नाव धारण करावे असे ठरले. पहिल्या बॅरोनेटचे पुत्र खरशेटजी हे त्याप्रमाणे दुसरे सर जमशेटजी झाले. वंशावळीत एकच नाव पुन्हा पुन्हा पाहून गोंधळणाऱ्या संशोधकांनी हा कायदा ध्यानात ठेवावा.

‘देहापासून’ या शब्दाची अगदी अलीकडची परीक्षा न्यायवैद्यकाने घेतली. स्कॉटलंडमधील प्रिंगल ऑफ स्टिचिल या १६८३ च्या बॅरोनेटपदाच्या प्रकरणात डीएनए चाचणीवरून असे दिसून आले, की आठव्या बॅरोनेटचा मुलगा म्हणून वारस झालेली व्यक्ती त्याची जैविक संतती नव्हती. २०१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने तो पुरावा ग्राह्य धरला आणि दहाव्या बॅरोनेटच्या मुलाऐवजी दुसऱ्या शाखेतील पुरुषाचा हक्क मान्य केला. जे शतकानुशतके विवाहनोंदीवर आणि समाजाच्या विश्वासावर चालत होते, ते आता प्रयोगशाळेत तपासता येते. किती घराण्यांना ही तपासणी रुचेल, हे सांगणे न लगे.

सभागृहातील जागा

पदवी नको असेल तर? १९६३ पर्यंत याचे उत्तर ‘इलाज नाही’ असे होते. १९२९ ते १९३१ या काळात भारतमंत्री असलेले विल्यम वेजवुड बेन हे १९४२ मध्ये व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले. थोरला मुलगा मायकेल १९४४ मध्ये युद्धात मृत्यू पावला आणि वारस झाला मजूर पक्षाचा धडाडीचा खासदार टोनी बेन. नोव्हेंबर १९६० मध्ये वडील वारले, त्या क्षणी कॉमन्स सभेतील त्याची जागा गेली. मे १९६१ च्या पोटनिवडणुकीत ब्रिस्टलच्या मतदारांनी त्यालाच पुन्हा निवडून दिले; निवडणूक न्यायालयाने तो अपात्र ठरवून पराभूत उमेदवारास जागा दिली. या प्रकरणातून झालेल्या १९६३ च्या कायद्याने पदवीचा त्याग करण्याची सोय झाली, आणि कायदा संमत झाला त्याच दिवशी, ३१ जुलै रोजी, बेन यांनी ती सोडली. त्याच वर्षी चौदावे अर्ल ऑफ होम यांनी पंतप्रधानपद स्वीकारून आपली पदवी सोडली. परंतु येथेही सनद अबाधितच राहिली. त्याग हा त्या व्यक्तीच्या आयुष्यापुरताच असतो. तिच्या मृत्यूनंतर पदवी पुढील वारसाकडे जाते. टोनी बेन २०१४ मध्ये वारले आणि त्यांचा मुलगा स्टीफन तिसरा व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाला.

१९९९ च्या कायद्याने सहाशेहून अधिक वंशपरंपरागत उमरावांची सभागृहातील जागा काढून घेतली आणि तडजोड म्हणून ९२ जणांना ठेवले. त्यांपैकी कोणी गेल्यास उमरावांतूनच पोटनिवडणुकीने दुसरा घ्यायचा, अशी व्यवस्था होती. या व्यवस्थेतून २०१९ मध्ये निकोलस मोस्ली यांचा वारस, चौथा बॅरन रेव्हन्सडेल, सभागृहात आला. १९११ च्या ज्या सनदेने आयरीन यांना पदवी दिली, पण जागा दिली नाही, तिच्याच आधारे तो उमेदवार ठरला होता. २०२१ मध्ये स्टीफन बेनही याच मार्गाने लॉर्ड्स सभेत गेले. ज्या पदवीतून सुटण्यासाठी बापाने तीन वर्षे झुंज दिली, तिच्याच बळावर मुलगा सभागृहात बसला!

उरलेल्या वंशपरंपरागत जागाही रद्द करणारे विधेयक सप्टेंबर २०२४ मध्ये कॉमन्स सभेत मांडले गेले आणि नोव्हेंबरमध्ये त्या सभेने ते संमत केले. त्याचा विषय सभागृहातील सदस्यत्व हा आहे. पदव्यांच्या सनदांना ते हात लावीत नाही. २०१३ च्या कायद्याने सिंहासनाच्या वारशात मुलगा-मुलगी हा भेद संपला. उमरावपदांच्या बाबतीत तसे प्रयत्न पार्लमेंटमध्ये एकाहून अधिक वेळा झाले, पण कायदा झाला नाही. त्यामुळे राजाच्या थोरल्या नातीला भावाआधी राज्य मिळू शकते, आणि अर्लच्या थोरल्या मुलीला धाकट्या भावाआधी, किंवा भाऊ नसताना दूरच्या चुलत्याआधीही, सहसा काही मिळत नाही. आयरीनसाठी कर्झन यांनी १९११ मध्ये लिहून घेतलेली सवलतही एकाच पिढीची होती. त्या सनदेत मुलींनंतर पुन्हा ‘पुरुष वारस’ हेच शब्द येतात.